इथिओपियाच्या जुन्या तबकड्यांमागचे लष्करी बँड

इथिओपियातील साठ-सत्तरच्या दशकांतल्या जॅझ, सोल आणि फंक संगीताचा ‘शोध’ लागला, असे जगभरचे रसिक गेली पंचवीस वर्षे सांगत आले आहेत. पॅरिसच्या ब्युदा म्युझिक या कंपनीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘एथिओपीक’ ही सीडींची मालिका सुरू केली, २००५ साली जिम जार्मुश यांच्या ‘ब्रोकन फ्लॉवर्स’ या चित्रपटात इथिओपियन संगीतकार मुलातू अस्तात्के यांच्या रचना वाजल्या आणि अदिस अबाबाचे हे संगीत एकाएकी सर्वतोमुखी झाले. मात्र ते कोणी दडवून ठेवले नव्हते, की त्याच्या मूळ श्रोत्यांना त्याचा विसरही पडला नव्हता. सम्राटाचे लष्करी बँड, सरकारी मक्तेदारी आणि ती मोडणारा एक तरुण दुकानदार यांच्यामुळे हे संगीत घडले, आणि म्हणून त्याचा इतिहास नाइट क्लबपासून नव्हे, तर बराकीपासून सांगावा लागतो.

१९२४ साली रास तफारी, म्हणजे पुढचे सम्राट हाइले सेलासी, जेरुसलेमला गेले असता तेथील आर्मेनियन मठात आश्रयाला असलेल्या अनाथ मुलांचा ब्रास बँड त्यांनी ऐकला. तुर्कस्तानातील आर्मेनियनांच्या संहारातून वाचलेली ही मुले होती. तफारी यांनी त्यांतील चाळीस जणांना अदिस अबाबाला आणले. ‘अर्बा लिजोच’, म्हणजे चाळीस मुले, याच नावाने ती ओळखली जाऊ लागली. त्यांचे संगीत-दिग्दर्शक केवोर्क नालबंदियान यांनी इथिओपियाच्या तत्कालीन राष्ट्रगीताला चाल दिली. इटलीच्या १९३६ ते १९४१ या ताब्याच्या काळात सगळी घडी विस्कटली. परंतु सम्राट परतल्यानंतर शाही अंगरक्षक दल, भूदल आणि पोलीस या प्रत्येकाचा स्वतंत्र वाद्यवृंद उभा राहिला. केवोर्क यांचे पुतणे नेर्सेस नालबंदियान यांनी या वादकांच्या एका संपूर्ण पिढीला शिकवले. हाइले सेलासी यांच्याच नावाने १९५५ साली उघडलेल्या नाट्यगृहाच्या वाद्यवृंदालाही त्यांनी घडवले.

त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन यांचा एवढा दबदबा का, याचे उत्तर येथे मिळते. ही महागडी वाद्ये सरकारने विकत घेतलेली होती, वादक पगारी होते आणि ते शिस्तीत तालीम करीत. तिलाहून गेसेसे हे देशातले सर्वांत लाडके गायक अंगरक्षक दलाच्या बँडमधले, तर ज्यांना पुढे इथिओपियाचे जेम्स ब्राउन म्हटले गेले ते अलेमायेहू एशेते पोलीस वाद्यवृंदातले. महमूद अहमद यांची कहाणी तर अधिकच बोलकी आहे. ते अदिस अबाबातील एका क्लबमध्ये पडेल ते काम करीत असत. तेथे वाजवायला येणाऱ्या अंगरक्षक दलाच्या वादकांसमोर त्यांना गाण्याची संधी मिळाली आणि १९६२ पासून १९७४ पर्यंत ते त्याच बँडचे गायक राहिले. लष्कराची सावली मात्र नेहमीच सुखाची नव्हती. डिसेंबर १९६० मध्ये सम्राट ब्राझीलच्या दौऱ्यावर असताना अंगरक्षक दलाच्या सेनापतीनेच उठाव केला. तो फसला, आणि त्यानंतरच्या धरपकडीत तिलाहून यांनाही अटक झाली.

अमेरिकन सोल आणि रिदम अँड ब्लूज देशात पोहोचण्याच्या वाटा अनेक होत्या. आज एरिट्रियाची राजधानी असलेले अस्मारा तेव्हा इथिओपियात होते. तेथील कॅग्न्यू स्टेशन या अमेरिकन लष्करी तळावरून नभोवाणीचे कार्यक्रम प्रसारित होत आणि सैनिकांसोबत नव्या तबकड्याही येत. साठच्या दशकात पीस कोअरचे अमेरिकन स्वयंसेवक आले. तरुण गायकांनी केशभूषा, पोशाख आणि रंगमंचावरच्या लकबी तिकडून उचलल्या. पण गाण्याची भाषा अम्हारिक राहिली आणि स्वरांचा सांगाडा तर पूर्णपणे देशी राहिला.

हा सांगाडा मराठी कानाला मुळीच परका नाही. इथिओपियाच्या उंच प्रदेशातील संगीत ‘किनिएत’ या पाच स्वरांच्या रचनांवर उभे आहे. तिझिता, बाती, अंबासेल आणि अंचिहोये ही त्यांतली प्रमुख नावे. तिझिताच्या एका रूपात सा, रे, ग, प, ध हे शुद्ध स्वर येतात, म्हणजे थेट भूपाचे स्वर. अंबासेलमध्ये कोमल रिषभ, मध्यम, पंचम आणि कोमल धैवत येतात, म्हणजे गुणक्रीचे. स्वर जुळले म्हणून राग जुळत नाही, हे आपल्याकडच्या श्रोत्याला वेगळे सांगायला नको. चलन निराळे, कणस्वर निराळे आणि अझमारी या परंपरागत गायक-वादकांची गळ्यातली थरथर तर फारच निराळी. तरीही अनेकांना हे संगीत पहिल्याच ऐकण्यात ‘ओळखीचे’ वाटते, त्याचे कारण या पंचस्वरी घडणीत असावे, असे मला वाटते.

या घडणीला जॅझची स्वरसंवादी रचना कशी जोडायची, हा प्रश्न जाणीवपूर्वक हाताळला तो मुलातू अस्तात्के यांनी. १९४३ साली जिम्मा येथे जन्मलेले मुलातू शिक्षणासाठी वेल्सला गेले, पुढे लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीत शिकले आणि त्यानंतर बॉस्टनच्या बर्कली संस्थेत व्हायब्राफोन या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याकडे वळले. १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ‘आफ्रो-लॅटिन सोल’चे दोन भाग ध्वनिमुद्रित केले आणि १९७२ मध्ये तेथेच ‘मुलातू ऑफ इथिओपिया’ काढले. पाच स्वरांच्या चालीखाली बारा स्वरांतून निवडलेले स्वरसमूह ठेवताना मूळ किनिएतचा भाव बिघडू द्यायचा नाही, ही त्यांची कसरत होती. ‘इथिओ-जॅझ’ हे नाव त्यांनी आपल्या या शैलीला दिले. ते सरसकट त्या काळच्या सगळ्या गाण्यांना लावणे योग्य नाही. सॅक्सोफोनवादक गेताचू मेकुर्या यांचेच पाहा. त्यांचे वादन परदेशी समीक्षकांना अमेरिकेतल्या फ्री जॅझसारखे, म्हणजे ठरलेली चौकट झुगारून वाजवल्या जाणाऱ्या जॅझसारखे वाटले, परंतु त्यांनी सॅक्सोफोनवर आणला होता तो ‘शिल्लेला’, म्हणजे रणात उतरण्यापूर्वी योद्धे गात तो वीरश्रीचा घोष.

हे सर्व तबकडीवर उतरले ते मात्र कायदा मोडून. १९४८ च्या शाही फर्मानाने तबकड्यांची आयात आणि प्रकाशन यांचा हक्क केवळ हागेर फिकिर या सरकारी आश्रयाच्या संस्थेला दिला होता, आणि ती संस्था नव्या संगीताबाबत उदासीन होती. तबकड्यांचे दुकान चालवणारा अम्हा एशेते हा विशीतला तरुण १९६९ साली पुढे आला. ध्वनिमुद्रण करून, तबकड्या परदेशात छापून आणून त्याने त्या विकायला सुरुवात केली. अलेमायेहू एशेते यांची तबकडी पहिल्यांतली होती. मक्तेदारीचा मुद्दा निघाला खरा, परंतु गाणी बाजारात इतकी चालली की फर्मान कागदावरच राहिले. १९७५ पर्यंत अम्हा रेकॉर्ड्सने १०३ छोट्या तबकड्या आणि १२ एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, काढल्या. फिलिप्स आणि अली अब्देला कैफा यांची कैफा रेकॉर्ड्स हेही मैदानात उतरले. त्या सुवर्णकाळातील सर्व कंपन्यांचा हिशेब धरला, तरी तो सुमारे ५०० छोट्या तबकड्या आणि ३० एलपींच्या पलीकडे जात नाही. एवढ्याशा भांडवलावर एक जागतिक कीर्ती उभी आहे.

सप्टेंबर १९७४ मध्ये ‘देर्ग’ या लष्करी समितीने सम्राटाला पदच्युत केले. अम्हा १९७५ साली अमेरिकेला गेला. संचारबंदी लागू झाली आणि ती वर्षानुवर्षे टिकली. १९७७-७८ च्या ‘लाल दहशती’त असंख्य तरुण मारले गेले. क्लबचे जग आटले. येथे एक सोपी समजूत तपासून घेतली पाहिजे, ती म्हणजे त्यानंतर संगीत थांबले. ते थांबले नाही. मोठ्या हॉटेलांत संचारबंदी उठेपर्यंत रात्रभर वादन चाले आणि श्रोते पहाटेपर्यंत आत थांबत. हिल्टनमध्ये वाजवणाऱ्या वालियास बँडचा ‘चे बेलेव’ हा अल्बम १९७७ चा, म्हणजे दहशतीच्या ऐन काळातला आहे. थांबल्या त्या तबकड्या. त्यांची जागा कॅसेटने घेतली. १९८१ साली वालियासचा अमेरिका दौरा झाला तेव्हा गिर्मा बेयेने आणि हाइलू मेर्गिया यांच्यासह काही वादक तिकडेच राहिले. हाइलू यांनी पुढे अनेक वर्षे वॉशिंग्टनमध्ये टॅक्सी चालवली.

बाहेरच्या जगातील ओळख सुरू झाली ती महमूद अहमद यांच्या एका एलपीपासून. ती फ्रान्सिस फाल्सेतो या फ्रेंच संगीतप्रेमीच्या हाती पडली, त्यांनी अदिस अबाबा गाठले आणि १९८६ साली बेल्जियमच्या क्रॅम्ड डिस्क्सने ‘एरे मेला मेला’ युरोपात प्रसिद्ध केले. ‘एथिओपीक’ मालिका हे त्याच चिकाटीचे पुढचे पाऊल. फाल्सेतोंचे काम निर्विवाद मोलाचे आहे. पण मालिकेचा क्रम पाहिला तर बाहेरच्या आणि घरच्या कानांतला फरक लक्षात येतो. मुलातूंचे वाद्यसंगीत चौथ्या खंडातच आले आणि तेच जगभर सर्वाधिक गाजले, कारण ते ऐकायला अम्हारिक यावी लागत नाही. ज्यांच्या आवाजासाठी इथिओपियातील लोक जीव टाकत आणि २००९ साली ज्यांच्यावर राजकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले, त्या तिलाहून गेसेसे यांची पाळी सतराव्या खंडात आली. त्यांच्या गाण्यात अर्धा जीव शब्दांचा, वरवरच्या अर्थाखाली दुसरा अर्थ लपवणाऱ्या जुन्या अम्हारिक काव्यरीतीचा आहे, आणि तो अजूनही बहुतेक परदेशी श्रोत्यांच्या पदरात पडलेला नाही.