स्लाइड शो व्हिडिओ कॅसेटवर घेण्यापूर्वी

आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन, शाळेचा सुवर्णमहोत्सव, देवळाचा जीर्णोद्धार अशा प्रसंगांचे फोटो आणि गाणी संगणकावर जुळवून स्लाइड शो करणारे व्हिडिओ कॅसेटच्या काळात गावोगावी होते. पण तो ज्यांनी पाहावा असे मनापासून वाटे, त्या वडीलधाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा संगणक नसे. टीव्ही आणि कॅसेट चालवणारा व्हीसीआर असे. म्हणून फाइल घेऊन लोक गोव्यात म्हापशाला आमच्या दुकानात येत. त्यांच्यासाठी हे पत्रक तेव्हा लिहिले: फाइल आणण्याआधी ते वाचावे अशी विनंती आहे, कारण कॅसेट कशी निघणार हे बरेचसे स्लाइड बनवतानाच ठरून जाते. बारीक अक्षर आमच्या कोणत्याही यंत्राने नंतर जाड होत नाही.

टीव्हीवर चित्र का बदलते

भारतात जुन्या टीव्हीसाठी आणि कॅसेटसाठी पाल (PAL) नावाची चित्रपद्धत आहे. तिच्यात ६२५ रेषा असतात, त्यांपैकी ५७६ रेषांवर प्रत्यक्ष चित्र असते. सेकंदाला २५ चित्रे येतात, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत रंगवले जाते: आधी एकाआड एक रेषा, मग मधल्या राहिलेल्या. संगणकाचा पडदा सगळ्या रेषा ओळीने रंगवतो. त्यामुळे संगणकावर स्थिर दिसणारी बारीक आडवी रेघ टीव्हीवर लुकलुकते, कारण ती दोनपैकी एकाच हप्त्यात येते.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना याचा फटका जास्त बसतो. आपल्या प्रत्येक शब्दावर शिरोरेघ आहे आणि ती आडवीच आहे. बारीक टंकात (फॉन्टमध्ये) ती सबंध ओळभर थरथरते. शिवाय व्हीएचएस, म्हणजे घरगुती व्हीसीआरच्या नेहमीच्या कॅसेटवर आडव्या दिशेचा तपशील साधारण २४० रेषांइतकाच उतरतो, त्यामुळे अनुस्वार, रफार आणि उकार आधी पुसट होतात. मग यजमानांचे नावही धड वाचता येत नाही. म्हणून टंक ठळक घ्या आणि आकार २८ पॉइंटच्या खाली नेऊ नका. नावांसाठी ३६ किंवा जास्त ठेवा. एका स्लाइडवर चार-पाच ओळींपेक्षा अधिक मजकूर नको. निमंत्रणपत्रिका स्कॅन करून तशीच टाकली तर टीव्हीवर ती वाचता येत नाही. तिच्यातला महत्त्वाचा मजकूर नव्याने टाइप करा.

रंगांचा तपशील कॅसेटवर आणखी कमी उतरतो. निळ्यावर लाल अक्षरे ठेवली तर लाल रंग अक्षराबाहेर ओघळल्यासारखा दिसतो. गडद निळ्या किंवा गडद हिरव्या पार्श्वभूमीवर फिकट पिवळसर अक्षरे सर्वांत चांगली उठतात. शुद्ध पांढरा रंग टाळा. संगणकात पांढऱ्याची पातळी २५५ असते, ती २३५ च्या आसपास आणा. व्हीसीआर अँटेनाच्या वायरने टीव्हीला जोडलेला असेल, तर फार प्रखर पांढऱ्या अक्षरांमुळे आवाजात घरघरही येते.

कडा झाकल्या जातात

टीव्हीची चौकट चित्राच्या चारही कडा थोड्या झाकते. त्यामुळे प्रत्येक बाजूला दहावा हिस्सा मोकळा सोडा. ८०० बाय ६०० च्या स्लाइडवर डावी-उजवीकडे ८०, वर-खाली ६० बिंदू (पिक्सेल). तेवढ्या पट्ट्यात फोटोचा भाग गेला तर चालेल, पण अक्षर आणि चेहरा नको. ग्रुप फोटोत टोकाला उभी असलेली माणसे नेमकी इथेच अर्धी कापली जातात आणि त्यांना ते लागतेही.

फोटो निवडताना

गणेशचतुर्थीच्या माटोळीचा, म्हणजे मूर्तीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीचा, पूर्ण फोटो कागदावर सुरेख दिसतो, टीव्हीवर मात्र तो हिरवा गोळा होतो. पूर्ण माटोळी एकदा दाखवा आणि लगेच फळांचे जवळून घेतलेले दोन-तीन फोटो ठेवा. गोव्यातल्या मंगेशी देवळाच्या सात मजली दीपमाळेसारखा उभा फोटो आडव्या पडद्यावर लहान होतो. तो खालून वर अगदी सावकाश सरकवला तर उंची जाणवते. बारीक चौकड्यांचे शर्ट आणि जरीचे काठ झगमगतात, त्याला आम्ही फोटो किंचित मऊ करून थोडा आळा घालतो.

एक फोटो सहा-सात सेकंद पुरतो. मजकुराची स्लाइड मोठ्याने, सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवा. टीव्हीसमोर बसलेल्या आजीला माउस दाबायचा नसतो, म्हणून पॉवरपॉइंटमधल्या ‘रिहर्स टायमिंग्ज’ने प्रत्येक स्लाइडची वेळ आधीच बसवून आणा.

आणताना काय आणाल

केवळ स्लाइड शोची फाइल पुरत नाही. जुन्या पॉवरपॉइंटमध्ये एमपी३ गाणी तिच्यात साठत नाहीत, त्यांचा फक्त पत्ता साठतो. आमच्या संगणकावर तो पत्ता सापडत नाही आणि शो मुका चालतो. श्रीलिपी किंवा आकृती या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरचे टंकही सोबत हवेत, नाहीतर मराठीच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. सगळा फोल्डर सीडीवर घालून आणा.

आम्ही शो स्कॅन कन्व्हर्टरमधून (संगणकाचे चित्र टीव्हीच्या पद्धतीत बदलणाऱ्या यंत्रातून) आधी डिजिटल टेपवर घेतो आणि प्रत्येक व्हीएचएस कॅसेट त्या मूळ टेपवरून काढतो. कॅसेटवरून कॅसेट काढली की दर वेळी चित्राचा दर्जा घसरतो, म्हणून घरी प्रती काढण्याऐवजी हव्या तेवढ्या प्रती एकदमच सांगा. भरणी (रेकॉर्डिंग) साध्या एसपी वेगानेच होते, एलपी या सावकाश वेगावर नाही. सुरुवातीचा थोडा भाग काळा सोडतो, कारण फितीचा तोच भाग सर्वांत आधी चुरगळतो.

नातेवाईक परदेशात असतील तर देश नक्की सांगा. दुबई, कुवेत, लंडन, लिस्बन इथल्या व्हीसीआरवर पाल चालते. टोरांटो किंवा न्यू जर्सीसाठी ५२५ रेषांच्या एनटीएससी पद्धतीची वेगळी कॅसेट लागते. आपली कॅसेट तिथल्या साध्या व्हीसीआरवर दिसणार नाही, आणि हे टपालखर्च करून झाल्यावर कळणे फार वाईट.

पावसाळ्यात जपा

गोव्याच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते. कॅसेट पूर्ण मागे गुंडाळून, डबीत, उभी ठेवा. सोबत सिलिका जेलची पुडी घाला. टीव्हीवर किंवा स्पीकरजवळ ठेवू नका. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरे ठिपके दिसले तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड (फीत वाचणारा भाग) खराब होते आणि बुरशी दुसऱ्या कॅसेटींनाही लागते. तशीच आमच्याकडे आणा. कॅसेटच्या मागच्या कडेचा छोटा प्लास्टिकचा तुकडा आम्ही मोडून देतो, म्हणजे चुकून तिच्यावर मालिका भरली जाणार नाही.

पूर्ण काम करण्याआधी पहिल्या काही मिनिटांची नमुना कॅसेट आम्ही देतो. ती दुकानात नव्हे, जिथे शो दाखवायचा आहे त्याच घरच्या टीव्हीवर पाहा. चतुर्थीला कॅसेट हवी असेल तर फाइल निदान पंधरा दिवस आधी आणा, म्हणजे नमुना पाहून दुरुस्त्या सांगायला सवड मिळेल.