अपेक्षेचे झुकते माप

शिक्षकाने एखाद्या मुलाविषयी मनात बांधलेला अंदाज न्याय्य आहे की नाही, हे तपासणे वाटते तितके सोपे नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांकडून शिक्षक कमी अपेक्षा ठेवतात, एवढे दाखवून भागत नाही. शिक्षक वर्षभर त्या मुलाच्या वह्या तपासतात, त्याचे गुण पाहतात आणि त्यावरून अंदाज बांधतात, मग त्यात वर्णाचा प्रश्न येतोच कुठे, असा आक्षेप लगेच घेतला जातो. या आक्षेपाचे निरसन करायचे, तर मूल तेच ठेवून शिक्षक बदलून पाहायला हवा.

अमेरिकी शिक्षण खात्याने २००२ साली देशभरातील दहावीच्या विद्यार्थ्यांची जी मोठी पाहणी सुरू केली, तिच्यात ही सोय आयतीच झालेली होती. ‘हा विद्यार्थी शिक्षणात कुठवर मजल मारेल?’ या आशयाचा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्याच्या दोन शिक्षकांना, म्हणजे गणिताच्या आणि इंग्रजीच्या, स्वतंत्रपणे विचारला गेला होता. सेठ गर्शनसन, स्टीफन होल्ट आणि निकोलस पेपजॉर्ज यांनी २०१६ साली या उत्तरांच्या जोड्या पडताळल्या. एकाच कृष्णवर्णीय मुलाविषयी कृष्णवर्णीय शिक्षक आणि इतर शिक्षक यांची मते ताडून पाहिली, तेव्हा हा मुलगा चार वर्षांची पदवी पूर्ण करेल असे मानण्याची शक्यता इतर शिक्षकांमध्ये सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळली. मूल तेच होते, त्याची घरची परिस्थितीही तीच होती. बदलला होता तो पाहणारा डोळा.

अर्थात, दोघांपैकी बरोबर कोण, हे यावरून कळत नाही. कदाचित कृष्णवर्णीय शिक्षकच गरजेपेक्षा आशावादी असतील. पाहणीतील विद्यार्थ्यांचा मागोवा पुढे अनेक वर्षे घेतला गेल्यामुळे अंदाज आणि वास्तव यांची तुलना करता आली, आणि पेपजॉर्ज, गर्शनसन व क्यूंगमिन कांग यांच्या २०२० सालच्या निबंधात तिचा निष्कर्ष आला, जो मला या साऱ्या विषयातला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. सरासरीने पाहता शिक्षक वास्तवापेक्षा जास्त आशावादी असतात. मात्र श्वेतवर्णीय शिक्षकांचा हा आशावाद श्वेतवर्णीय मुलांच्या बाबतीत अधिक मोठा असतो आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला तो कमी येतो. म्हणजे कृष्णवर्णीय मुलांविषयीचा अंदाज हा एका अर्थाने वास्तवाच्या अधिक जवळ जाणारा असतो, आणि नुकसान नेमके त्यातच असते. कारण जास्त अपेक्षा मुलाला पुढे रेटते. या संशोधकांच्या हिशेबाप्रमाणे शिक्षकाची अपेक्षा १० टक्क्यांनी वाढली, तर पदवी पूर्ण होण्याची शक्यता सुमारे १.२ टक्क्यांनी वाढते. आकडा लहान दिसतो, पण तो कोट्यवधी मुलांना लागू होतो. थोडक्यात, अन्याय इथे कुणाला कमी लेखण्यापेक्षा कुणाला झुकते माप देण्यातून होतो, आणि माप झुकवणाऱ्याला आपण पक्षपात करतो आहोत असे वाटतही नाही.

अपेक्षेत मुळात काही बळ असते का, यावरचा वाद जुना आहे. रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत सुमारे २० टक्के मुले चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून, ‘ही मुले यंदा झपाट्याने प्रगती करतील’ असे शिक्षकांना सांगितले. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतील या मुलांची बुद्धिमत्ता चाचणीत खरोखरच अधिक प्रगती दिसली. वरच्या वर्गांत मात्र ती दिसली नाही. रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी, इतक्या लहान मुलांसाठी ती चाचणीच भरवशाची नव्हती, अशी कडक टीका केली. ली जसिम आणि केंट हार्बर यांनी २००५ साली तोवरच्या साऱ्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा हा परिणाम खरा असला तरी बहुधा लहानच असतो, पण समाजाने हिणवलेल्या गटांतील मुलांवर तो अधिक प्रबळ असू शकतो, असे त्यांना दिसले.

मग पूर्वग्रह शिरतो कुठून? डेव्हिड क्विन यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १,५४९ शिक्षकांना दुसरीतल्या मुलाने लिहिलेला एक छोटा उतारा तपासायला दिला. उतारा सर्वांना सारखाच होता. फक्त काहींच्या प्रतीत लेखकाच्या भावाचे नाव डशॉन होते, जे अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलाचे समजले जाते, तर काहींच्या प्रतीत ते कॉनर होते. ‘हे लेखन दुसरीच्या पातळीचे आहे का?’ असे ढोबळपणे विचारले, तेव्हा कॉनरच्या भावाला पातळीवर किंवा वर ठरवण्याचे प्रमाण सुमारे ४.७ टक्के-बिंदूंनी अधिक निघाले. त्याच शिक्षकांना कशाला किती गुण द्यायचे याचे स्पष्ट निकष दिले, तेव्हा हा फरक दिसेनासा झाला. पूर्वग्रह शिक्षकांच्या मनातून गेला, असे यावरून म्हणता येत नाही. त्याला उतरायला जागा उरली नाही, इतकेच.

फ्लोरिडातील एका मोठ्या शालेय जिल्ह्याचा अनुभवही याच अंगाने जातो. विशेष हुशार मुलांच्या वर्गासाठी तिथे पूर्वी शिक्षक आणि पालक शिफारस करत. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी दाखवले, की दुसरीतल्या सरसकट सगळ्या मुलांची चाळणी परीक्षा सुरू झाल्यावर, प्रवेशाचे निकष तेच असूनही, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक वंशातील) आणि गरीब मुलांचे प्रमाण बरेच वाढले. ही मुले आधीही वर्गातच बसलेली होती.

भारतात वर्णाच्या जागी जात येते. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी आपल्याकडे केलेल्या प्रयोगात उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानावर वय, लिंग आणि जात यादृच्छिक पद्धतीने लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातीचा शिक्का बसलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण मिळाले. पण हा पक्षपात उच्च जातीच्या परीक्षकांत आढळला नाही, तो आढळला कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतल्या परीक्षकांतच. तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी एकाच गटातले असले की प्रश्न मिटला, हे अमेरिकी आकड्यांवरून सुचणारे उत्तर इथे तसेच्या तसे लागू पडत नाही. क्विन यांच्या निष्कर्षाशी जुळणारी मात्र एक गोष्ट याही प्रयोगात आढळली: फरक पडला तो मुख्यतः गठ्ठ्यातल्या सुरुवातीच्या उत्तरपत्रिकांत, म्हणजे कशाला किती गुण द्यायचे हे परीक्षकाच्या हाताला अजून बसलेले नसताना.