एअर धरली म्हणजे पंप गेला?

डिझेल संपून ट्रॅक्टर बंद पडला आणि टाकी भरूनही चालू होईना, की बांधावरचे जाणकार निकाल देऊन मोकळे होतात, ‘पंप गेला!’ बहुतेक वेळा डिझेलला दाब देणारा हा पंप ठणठणीत असतो. टाकी रिकामी झाली की डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते, यालाच ‘एअर धरणं’ म्हणतात. ही हवा दाबली जाते, म्हणून इंजिनात डिझेल फवारणारं नोझल उघडण्याइतका दाबच तयार होत नाही. डिझेल फिल्टरवरचा एअर स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करून लाइनमध्ये डिझेल ढकलणारा छोटा हातपंप मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा. तेवढ्यावर बरेच ट्रॅक्टर सुरू होतात. पंप खोलायची घाई कशाला?

पुन्हापुन्हा एअर धरत असेल, तर टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) हा भाग तपासा. तिथल्या बारीक भेगेतून डिझेल गळेलच असं नाही, हवा मात्र आत ओढली जाते. अनेकदा दोष निघतो तो झिजलेल्या वॉशरचा.