आलवणातला आल

आलवण हा शब्द आता जुन्या कादंबऱ्यांपुरता उरला आहे. केशवपनानंतर विधवेला नेसावं लागे ते तांबडं वस्त्र. त्यामागचा अन्याय आपल्याला ठाऊक आहे, पण शब्दातला ‘आल’ बहुतेकांना ठाऊक नसतो. आल हे झाड आहे, मोरिंडा प्रजातीतलं. बाटलीतून विकली जाणारी नोनी याच प्रजातीतली. आलाच्या मुळांच्या सालीतून तांबडा रंग निघतो. एके काळी विदर्भात आल चक्क शेतात लावत असत.

लावल्यावर साधारण तीन वर्षं थांबायचं आणि मग जमीन खोल खणून मुळं काढायची. रंग सालीत असतो, म्हणून बारीक मुळांना भाव जास्त. जाड मुळात साल थोडी आणि लाकूडच फार. झाड अधिक काळ ठेवलं तर मुळं थोराडतात आणि रंग घटतो.

पण मूळ हाती आलं म्हणजे कापड रंगलं असं नाही. खरी गंमत इथून पुढे. लोकर प्रथिनाची असते, तिला रंग धरायला जागा पुष्कळ. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. त्याला आलाच्या किंवा मंजिष्ठेच्या (या वेलीच्या मुळांतूनही तांबडा रंग निघतो) पाण्यात नुसतं बुडवलं, तर पहिल्या धुण्यातच बराचसा रंग निघून जातो. म्हणून आधी हिरड्याचं पाणी. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, सुताला चिकटतं. मग तुरटी. तिच्यातलं अ‍ॅल्युमिनियम एका हाताने टॅनिनला आणि दुसऱ्या हाताने रंगाच्या रेणूला धरतं. तयार होणारा संयुग पाण्यात विरघळत नाही, आणि रंग टिकतो तो त्यामुळेच. तुरटीऐवजी लोहाचा क्षार घेतला तर त्याच आलातून गडद तपकिरी, काळपट छटा मिळते.

ही युक्ती फार जुनी आहे. मोहेंजोदडोला एका चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला. धातूच्या क्षारांमुळे तो चार हजारांहून अधिक वर्षं कुजला नाही. त्याची तपासणी मुंबईत माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत झाली, आणि रंग मंजिष्ठेच्या वर्गातला निघाला.

१८६८ मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान या रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतलं तांबडं रंगद्रव्य, अलिझरिन, प्रयोगशाळेत बनवलं. पुढे ते इतकं स्वस्त झालं की तीन वर्षं शेत अडवून मुळं खणणं परवडेना. आल शेतातून हटला.

ओडिशात कोरापुट जिल्ह्यातल्या कोटपाडला मात्र मिरगाण विणकर आजही आलाच्या मुळांनीच सूत रंगवतात. एरंडेल तेल, राख, शेण यांची प्रक्रिया सुतावर पुन्हा पुन्हा होते, त्यात कित्येक दिवस जातात. या कापडाला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मला त्या मरून रंगाचं अतोनात कौतुक आहे.

तरी वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, हे मला मान्य नाही. क्रोमियम किंवा तांब्याचे क्षार वापरून पक्का केलेला रंग ओढ्यात सोडला, तर मुळाच्या सालीचं पुण्य त्याला वाचवत नाही. तुरटी त्या मानाने कितीतरी बरी. शिवाय मूळ खणणं म्हणजे झाडच जाणं. म्हणून रानातून ओरबाडण्यापेक्षा बांधावर लावलेला आल मला पटतो. रंगाला लागणारा हिरडा सह्याद्रीत आहेच. जुन्नर-आंबेगावचे आदिवासी तो वर्षानुवर्षं गोळा करत आले आहेत.

आल मिळाला नाही तर मंजिष्ठा काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. जुन्या पांढऱ्या धोतराच्या तीन चिंध्या स्वच्छ धुऊन घ्या. एक तशीच ठेवा, दुसरी हिरड्याच्या काढ्यात आणि नंतर तुरटीच्या पाण्यात भिजवा, तिसरी हिरड्यानंतर गंजलेले खिळे टाकून ठेवलेल्या पाण्यात. तिन्ही एकाच पातेल्यात मंजिष्ठेबरोबर मंद आचेवर तासभर ठेवा. मग साबणाने धुवा. पहिली फिकट पडेल, दुसरी तांबडी राहील आणि तिसरी जांभळट काळी.