'मॉनिटर'च्या बुरुजातून आईवडिलांना : एका युद्धपत्राची पार्श्वभूमी

१४ मार्च १८६२ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन रोड्स येथे नांगरलेल्या 'मॉनिटर' या चिलखती युद्धनौकेवरून लेफ्टनंट सॅम्युअल डेना ग्रीन यांनी आपल्या आईवडिलांना एक लांबलचक पत्र लिहिले. ग्रीन तेव्हा २२ वर्षांचे होते आणि जहाजावरील दुय्यम अधिकारी होते. पाचच दिवसांपूर्वी चिलखती जहाजांची आपसांतील पहिली लढाई तिथे झाली होती. नौदल खात्याला दिलेला त्यांचा अहवाल त्रोटक आहे. घरच्या पत्रात मात्र बुरुजातला धूर, शिणलेले शरीर आणि मनावरचा ताण या सगळ्याचे वर्णन येते. आणि ज्या निर्णयावरून पुढे वर्षानुवर्षे त्यांच्यावर ठपका ठेवला गेला, त्याचे समर्थनही त्यात आधीच येऊन गेलेले आहे.

लाकडी युद्धनौकांचे दिवस भरल्याची चिन्हे त्यापूर्वीच दिसू लागली होती. १८५३ मध्ये सिनोप येथे रशियन फुटत्या गोळ्यांनी तुर्की ताफ्याची राख केली, तेव्हापासून जहाजांना लोखंडी कवच चढवण्याचा विचार जोर धरू लागला, आणि फ्रान्सने 'ग्ल्वार' व ब्रिटनने 'वॉरियर' ही चिलखती जहाजे लागोपाठ पाण्यात उतरवली. अमेरिकेत मात्र ही निकड यादवी युद्धामुळे निर्माण झाली. उत्तरेकडील राज्यांनी फुटून निघालेल्या दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली होती. दक्षिणेचा कापूस अडला, म्हणून मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांनी त्या वर्षांत अमाप पैसा केला, हे मराठी वाचकांना माहीत आहेच. ही नाकेबंदी मोडण्यासाठी दक्षिणेने नॉरफोक येथील गोदीत अर्धवट जळालेल्या 'मेरिमॅक' या जहाजाच्या सांगाड्यावर चार इंच लोखंड चढवले, पुढे टक्कर देण्यासाठी लोखंडी चोच बसवली आणि त्याचे नाव 'व्हर्जिनिया' ठेवले. उत्तरेचे लोक, आणि ग्रीनही, त्याला शेवटपर्यंत 'मेरिमॅक'च म्हणत राहिले.

याला उत्तर म्हणून स्वीडनमध्ये जन्मलेले अभियंते जॉन एरिक्सन यांनी आखलेले जहाज न्यूयॉर्कजवळ ग्रीनपॉइंट येथे सुमारे शंभर दिवसांत बांधून पाण्यात सोडले गेले. पाण्याच्या जेमतेम वर असलेली सपाट डेक, तिच्यावर वीस फूट व्यासाचा आणि आठ इंच जाडीच्या लोखंडाचा, वाफेच्या यंत्राने फिरणारा बुरूज, आणि त्यात अकरा इंची दोन तोफा, असे त्याचे रूप होते. पुढे अशा बुटक्या जहाजांना 'मॉनिटर' हेच जातिवाचक नाव पडले. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी १८७०च्या सुमारास बांधलेली 'मॅग्डाला' आणि 'ॲबिसिनिया' ही जहाजे त्याच जातकुळीतली होती.

पत्राचा बराच भाग लढाईआधीच्या प्रवासाला दिलेला आहे, आणि ते योग्यच आहे, कारण जहाज बुडण्याचा धोका खरा तिथेच होता. ६ मार्चला न्यूयॉर्क सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी समुद्र खवळला, हवा खेचणाऱ्या नळ्यांतून पाणी आत आले, पंख्यांचे पट्टे भिजून निसटू लागले आणि इंजिनघर विषारी धुराने भरले. बेशुद्ध पडलेल्या माणसांना ओढत बुरुजाच्या माथ्यावर आणावे लागले. ८ मार्चच्या रात्री जहाज मुक्कामी पोहोचले, तेव्हा उत्तरेच्या लाकडी युद्धनौकांपैकी 'कम्बरलँड'ला 'व्हर्जिनिया'ने टक्कर देऊन बुडवले होते, 'काँग्रेस' पेटलेले होते आणि 'मिनेसोटा' गाळात रुतून बसले होते. या 'मिनेसोटा'चे रक्षण करणे हीच 'मॉनिटर'वर सोपवलेली कामगिरी होती.

९ मार्चच्या सकाळी लढाई सुरू झाली आणि सुमारे चार तास चालली. कप्तान जॉन वर्डेन पुढच्या बाजूच्या सुकाणूच्या कोठडीत होते, तर ग्रीन बुरुजात उभे राहून तोफा स्वतः डागत होते. दोघांमधील बोलण्याची नळी सुरुवातीलाच निकामी झाली, त्यामुळे जहाजाचे खजिनदार आणि कप्तानांचे कारकून निरोप घेऊन डेकखालून धावत राहिले. बुरूज एकदा फिरू लागला की नेमक्या जागी थांबवणे कठीण जाई. दिशा कळावी म्हणून खालच्या स्थिर डेकवर काढलेल्या पांढऱ्या खुणा पुसल्या गेल्या होत्या, आणि नेम चुकला तर गोळा आपल्याच कप्तानांच्या कोठडीवर आदळण्याची भीती होती. शिवाय तोफेत पंधरा पौंडांहून अधिक दारू भरू नये, असा खात्याचा हुकूम होता. पुढे त्याच तोफांना दुप्पट दारूही सोसते असे आढळले. त्या दिवशी तेवढी दारू भरता आली असती, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता.

दुपारच्या सुमारास सुकाणूच्या कोठडीवर गोळा फुटला आणि वर्डेन यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. सूत्रे ग्रीन यांच्याकडे आली. ते जहाज पुन्हा वळवेपर्यंत 'व्हर्जिनिया' नॉरफोककडे परतू लागले होते. ग्रीन यांनी काही गोळे डागले, पण पाठलाग केला नाही. आपण आणि आपली माणसे धुराने व दारूने काळीठिक्कर पडलो होतो, अंगातील नसा विजेचे झटके बसावेत तशा उडत होत्या, असे ते आईवडिलांना सांगतात. नौदल अकादमीत आपल्याच खोलीत राहणारा मित्र समोरच्या जहाजावर होता, याचाही त्यांनी उल्लेख केला आहे.

पाठलाग न करण्याची कारणेही पत्रात स्पष्ट दिलेली आहेत : 'मिनेसोटा'जवळ राहून बचावात्मक लढण्याची सक्त ताकीद होती, सुकाणूची कोठडी नादुरुस्त झाली होती, आणि सहायक नौदल सचिव गुस्ताव्हस फॉक्स यांनी व लष्कराचे जनरल वूल यांनी हा निर्णय योग्य ठरवला होता. आईवडिलांना एवढे पटवून सांगण्याची गरज त्यांना का वाटावी? तेव्हाच कुजबूज सुरू झाली असावी, असे मला वाटते. याच सुमारास वय कमी म्हणून त्यांच्याकडचे अधिपत्य काढून एका वरिष्ठ अधिकाऱ्याला देण्यात आले होते, तीही सल असेल.

त्याच वर्षाच्या मे महिन्यात दक्षिणेच्या खलाशांनी 'व्हर्जिनिया' स्वतःच उडवून दिले आणि ३१ डिसेंबरला 'मॉनिटर' केप हॅटेरसजवळ वादळात बुडाले. ग्रीन त्यातून बचावले, पण आरोप थांबले नाहीत. १८६८ मध्ये वर्डेन यांनी नौदल सचिवांना पत्र लिहून त्यांची बाजू घेतली. डिसेंबर १८८४ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत ग्रीन यांनी आत्महत्या केली. लढाईवरचा त्यांचा लेख पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. कप्तान जखमी झाल्यापासून जहाज पुन्हा वळेपर्यंत फार तर वीस मिनिटे गेली असतील, असा हिशेब त्यात त्यांनी दिला आहे.