दुधातलं पाणी कोर्टात कसं सिद्ध करायचं?

दुधात पाणी घालणं हा गुन्हा, हे आपल्याला साधं सरळ वाटतं, पण ते कोर्टात सिद्ध करताना इंग्लंडमधल्या सरकारच्या अक्षरशः नाकी नऊ आले होते. तिथे हातपंपाला लोक चक्क 'लोखंडी शेपटीची गाय' म्हणायचे, म्हणजे काय चाललंय हे सगळ्यांनाच माहिती. १८६० चा पहिला भेसळ कायदा नावापुरताच होता, कारण विकणाऱ्याला भेसळ माहीत होती हे दाखवावं लागायचं आणि तपासणारा अ‍ॅनालिस्ट नेमायचा की नाही हेसुद्धा स्थानिक कारभाऱ्यांच्या मर्जीवर.

खरा दणका १८७५ च्या कायद्याने दिला. गिऱ्हाइकाने मागितलं तसं न देता त्याचं नुकसान केलं तर २० पौंडांपर्यंत दंड. इन्स्पेक्टरने दूध विकत घ्यायचं, त्याचे तीन भाग करून सील लावायचं, एक विक्रेत्याला, एक अ‍ॅनालिस्टला, एक स्वतःकडे. आता वकिलांचं डोकं बघा, म्हणे साहेबांनी दूध प्यायला घेतलंच नव्हतं, तपासायला घेतलं, मग त्यांचं नुकसान कसलं! आणि स्कॉटलंडच्या कोर्टाने हे मान्यही केलं. शेवटी १८७९ मध्ये कायदा दुरुस्त करून ही पळवाट बुजवली.

तरी एक बचाव उरलाच, 'आमची गायच पातळ दूध देते'. नुसत्या लॅक्टोमीटरवर (दुधाची घनता मोजायचं साधन) विसंबायचीही सोय नाही, कारण साय काढली की दुधाची घनता वाढते, मग बेताने पाणी ओतलं की काटा परत जागेवर. म्हणून १९०१ मध्ये फॅट ३ टक्के आणि बाकीचे घनपदार्थ ८.५ टक्के अशी रेघ आखली, त्याखाली दूध गेलं की भेसळ धरणार, नाही म्हणत असाल तर तुम्ही सिद्ध करा.

आपल्याकडचा १९५४ चा अन्नभेसळ कायदा (लागू झाला जून १९५५ मध्ये, २०११ मध्ये रद्द झाला) याच वळणाचा होता, तेच तीन भाग, शिवाय 'मला माहीत नव्हतं' हा बचावच नव्हता. त्याखाली महाराष्ट्रात म्हशीच्या दुधाला निदान ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून बाकीचे घनपदार्थ) लागायचं. नमुना नासू नये म्हणून त्यात फॉर्मेलिनचे थेंब टाकायचे, पण खटला भरायलाच महिनोन्‌महिने लागले तर फॉर्मेलिन तरी काय करणार? १९६७ मध्ये दह्याच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने आरोपीची सुटका कायम ठेवली ती यामुळेच, खटला भरणाऱ्यांनी उशीर केला आणि तोवर त्याच्याकडचा नमुना फेरतपासणीच्या लायकीचाच राहिला नव्हता.