ग्वायकॉलचं घराणं आणि माथेरानचा घोडा

"दाजी, याला माथेरान येतंय," ग्लासात नाक घालून माझा मेहुणा म्हणाला.

आम्ही पुण्यात मुंढव्याच्या बाजूला एका छोट्या ब्रुअरीत उभे होतो. एप्रिलची दुपार, वर पत्रा, आणि भिंतीशी आडवी रचलेली सहा लाकडी पिंपं. ब्रुअर तिशीतला पोरगा. त्याने एका पिंपाच्या तोंडाच्या फळीत ठोकलेला स्टीलचा खिळा पकडीने उपसला आणि त्या भोकातून करंगळीपेक्षा बारीक धार थेट ग्लासात आली. दोन घोटांपुरती बिअर घेऊन खिळा परत ठोकून टाकला. वरचं बूच काढलं असतं तर हवा आत शिरली असती. खिळ्याचा सगळा खटाटोप त्यासाठी.

मेहुण्याचा रोख घोड्याकडे होता. माथेरानला घोड्यावरून उतरल्यावर तळव्यांना घाम, चामडं आणि ओल्या गवताचा मिळून जो वास राहतो, तो. मला वाटलं ब्रुअर दुखावणार. तो उलट खूश झाला. "बरोबर ओळखलंत सर. त्यासाठीच तर आठ महिने थांबलो."

बिअर 'फार्महाउस एल' जातीची होती. हिचं माहेर बेल्जियमच्या दक्षिणेला, वालोनियात. तिकडचं नाव 'सेझाँ', म्हणजे हंगाम. हिवाळ्यात शेतं मोकळी झाली की शेतकरी घरची बिअर लावायचे आणि उन्हाळ्यात मजुरांना प्यायला द्यायचे, अशी तिची कथा सांगतात. कथा जरा जास्तच गोंडस आहे, पण आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. उन्हात राबणाऱ्याच्या पोटात काहीतरी आंबट, पातळ आणि थंड जावं म्हणून आपल्याकडेही बांधावर आंबील जायचीच.

आंबवणाऱ्याला पुण्याचा उन्हाळा नको असतो. लागर बिअरचा यीस्ट ८ ते १२ अंशांत रमतो, म्हणजे एप्रिलमध्ये त्याच्यासाठी दिवसरात्र कूलिंग चालवायचं आणि विजेचं बिल बघून डोळे पांढरे करायचे. साधा एल यीस्ट २० अंशांच्या आसपास खूश असतो. त्यापुढे तापला की बिअरला थिनरसारखा भपकारा येतो. सेझाँचे यीस्ट मात्र ३० अंशांवरही मजेत काम करतात, काही तर ३५ पर्यंत. हे बेणं आपल्या हवेचंच आहे म्हणा ना.

त्याच्याकडे आणखी एक हत्यार असतं. बार्लीतल्या स्टार्चपासून साखर बनवताना काही लांब साखळ्या अर्धवटच तुटतात. त्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात. साधा यीस्ट त्यांना दात लावू शकत नाही, त्यामुळे त्या बिअरमध्ये उरतात आणि तिला अंग देतात. सेझाँच्या बऱ्याच यीस्टमध्ये एसटीए१ नावाचं जनुक असतं. त्याच्या जोरावर ते ग्लुकोअमायलेज हे विकर पेशीबाहेर सोडतात, आणि ते कात्रीसारखं त्या साखळ्या कापत सुटतं. साखर जवळजवळ सगळी संपते आणि बिअर ठणठणीत कोरडी होते. हाच यीस्ट चुकून शेजारच्या टाकीतल्या बिअरमध्ये शिरला, तर बाटलीत भरल्यावरही कापाकापी चालू राहते, वायू साठतो आणि बाटल्या फुटतात. म्हणून इथे सेझाँचे पाइप वेगळे, त्यांना लाल चिकटपट्टी लावलेली.

आता लाकूड. ही पिंपं बर्बनची. अमेरिकन कायद्याप्रमाणे बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप बर्बनवाल्याच्या कामाचं राहत नाही. मग ती जगभर फिरतात: स्कॉटलंड, कॅरिबियन बेटं, आपले बंगळुरू-गोव्याचे सिंगल माल्टवाले, आणि त्यांच्या मागून हा मुंढव्याचा पोरगा. (ओक म्हणजे झाड, सदाशिव पेठेतल्या ओकांचा संबंध नाही.) पांढऱ्या ओकच्या लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या झाड स्वतःच आतून बुजवून टाकतं, म्हणून त्याचं पिंप गळत नाही. पण २०० लिटरचं पिंप रिकामं झालं तरी त्याच्या फळ्यांत काही लिटर व्हिस्की मुरलेली असते. ती हळूहळू बिअरमध्ये उतरते आणि बिअर टक्का-दीड टक्का कडक होते.

ब्रुअरने एक फुटकी फळी दाखवली. आतला भाग कोळसा झालेला, मगरीच्या पाठीसारखा तडकलेला. त्या कोळशाखाली लालसर तपकिरी थर. फळी हुंगली तर गोडा मसाला! खोटं नाही सांगत. सुकं खोबरं, लवंग, मागे कुठेतरी धूर आणि व्हॅनिला.

खोबऱ्याचा वास ओक लॅक्टोनचा. उरलेल्या तिघांची गोष्ट मात्र मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त आवडते, कारण ती एकाच घराण्याची आहे. लाकडाला ताठ ठेवणारा पदार्थ म्हणजे लिग्निन. तो जळताना तुटतो आणि त्यातून ग्वायकॉल नावाचा रेणू सुटतो. सहा कार्बनचं कडं, त्याला शेजारी शेजारी लावलेले दोन छोटे गट. वास धुराचा. आता हे कडं तसंच ठेवा आणि दोन गटांपैकी एकाच्या बरोब्बर समोरच्या टोकाला एक शेपूट जोडा. अल्डिहाइडची शेपूट लागली की व्हॅनिलिन. तीन कार्बनची अलाइल शेपूट लागली की युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य रेणू, दातदुखीला दवाखान्यात जो वास येतो तो. जगातलं बहुतांश व्हॅनिलिन कारखान्यातही ग्वायकॉलपासूनच करतात. मस्तानीवरच्या आइस्क्रीमचा गोळा आणि चुलीचा धूर यांच्यात अंतर आहे ते एवढ्या एका शेपटीचं.

आणि घराणं लाकडापुरतं थांबत नाही. बार्ली आणि गव्हाच्या पेशीभित्तिकांत फेरुलिक आम्ल असतं, तेही याच कड्याचं. सेझाँचा यीस्ट त्याच्या शेपटीचा तुकडा पाडतो आणि ४-व्हिनिल ग्वायकॉल बनवतो. वास? लवंगेसारखा, जरा तिखटसर. म्हणजे त्या ग्लासात मला जी लवंग लागली ती दोन ठिकाणांहून आलेली होती, एक ओकमधून आणि एक गव्हातून. मसाल्याचा एक दाणाही घातलेला नव्हता. तरी मी विचारलंच. ब्रुअर हसून नाही म्हणाला. हा प्रश्न त्याला रोज येत असावा.

घोडा उरला. १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या क्लॉसेन यांनी इंग्लंडच्या लाकडी पिंपांत मुरलेल्या बिअरमधून एक वेगळा यीस्ट शोधला आणि त्याचं नाव ठेवलं ब्रेटानोमायसिस, ब्रिटिश बुरशी. तो लाकडाच्या छिद्रांत चिवटपणे राहतो आणि बाकीच्यांनी टाकलेल्या उष्ट्यावर महिनोन् महिने गुजराण करतो. सेझाँच्या यीस्टने केलेल्या ४-व्हिनिल ग्वायकॉलला तो दोन हायड्रोजन चिकटवतो, झालं ४-इथाइल ग्वायकॉल: लवंग मागे पडते, धूर पुढे येतो. ग्वायकॉलचा एक गट कमी असलेला चुलतभाऊ म्हणजे ४-इथाइल फिनॉल. माथेरान ते हेच. वाइनवाले याच्या नावाने बोटं मोडतात. सेझाँवाले त्याच्यासाठी आठ महिने थांबतात.

थांबणं पुण्यात महाग पडतं. लाकूड थोडा श्वास घेतं, आतलं थोडं उडून जातं. स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीची वर्षाची घट साधारण २ टक्के असते, बंगळुरूत ती १० टक्क्यांच्या वर जाते. पिंपात जागा रिकामी झाली की तिथे हवा येते आणि हवेबरोबर असेटोबॅक्टर हा जिवाणू. त्याला अल्कोहोल आणि ऑक्सिजन द्या, तो व्हिनेगर देतो. चौथ्या पिंपाचा खिळा काढल्यावर मला हुंगताच कळलं. नेलपॉलिश रिमूव्हर! ते इथाइल असिटेट. "हे गेलं," ब्रुअर म्हणाला. "मार्चमध्ये गावी लग्न होतं, दोन आठवडे भर घालायची राहिली." दोनशे लिटर. मेहुणा हळहळला, मी जरा जास्तच हळहळलो.

मग बाटलीत भरून फेसाळलेली, आधीच्या खेपेची बिअर निघाली. (इथे बिअरला २१ वर्षं पूर्ण लागतात, त्याखालच्यांनी पुढचा प्रयोग पन्ह्यावर करावा.) फ्रिजमधून काढल्या काढल्या तिला काहीच वास नव्हता. थंडीत हे रेणू द्रवातच बसून राहतात. ग्लास तळव्यांत धरून दहा मिनिटं गप्पा मारल्या. मग ब्रुअर म्हणाला, "सर, आता नाक दाबून घोट घ्या." घेतला. आंबट, किंचित कडू आणि बुडबुड्यांची चुणचुण, बास. एखादा सोडा असावा तसा. "आता सोडा नाक." सोडलं, आणि घशामागून गोड्या मसाल्याचा डबा उघडला. लवंग, खोबरं, व्हॅनिला आणि शेवटी तो घोडा. जिभेला कळतात त्या पाचच चवी. नाकात काम करणारे गंधग्राही सुमारे ४०० प्रकारचे असतात. त्यांची जनुकं शोधल्याबद्दल रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा वाटा असा मागच्या दाराने नाकात शिरतो. सर्दीत आमटी पाणचट का लागते, त्याचंही उत्तर हेच.

रिक्षाने घरी आलो. सोबत एक बाटली आणली होती, ती रात्री दोघांत संपली आणि ग्लास ओट्यावर तसेच राहिले. सकाळी बायकोने त्यातला एक उचलून हुंगला.

"यात काय प्यायलात? कस्टर्ड?"

मी हुंगून पाहिलं. आंबटपणा उडून गेला होता, घोडाही जवळजवळ निघून गेला होता. व्हॅनिलिन मात्र सहजी उडत नाही, त्याचा उत्कलनबिंदूच २८५ अंश आहे. ग्लासाच्या तळाशी वाळलेल्या डागात ते रात्रभर बसून होतं.

"दादा काय म्हणाला?" तिने विचारलं.

"माथेरान."

तिने पुन्हा एकदा हुंगलं आणि ग्लास सिंकमध्ये टाकला. "त्याला सर्दी झाली असेल."